तिफण ट्रॅक्टरला जोडा, पण मूठ मोजून

अक्षयतृतीया झाली की गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांसमोर एक वेगळीच गर्दी दिसू लागते. कोणी आज्याच्या वेळची तिफण खांद्यावर घेऊन आलेला असतो, तर कोणी पाभरीचे नुसते दिंड. मागणी मात्र एकच, "एवढं ट्रॅक्टरच्या मागं लागंल असं करून दे."

यात नवल काही नाही. चांगल्या बैलजोडीची किंमत लाखाच्या घरात गेली. वर्षातून महिना-दीड महिन्याच्या कामासाठी बारा महिने वैरण घालायची, त्यात गडी मिळत नाही. उलट अठरा-वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आता कोरडवाहू शेतकऱ्याच्याही दारात उभा दिसतो. तयार पेरणीयंत्र बाजारात मिळते, पण ट्रॅक्टरचे हप्ते चालू असताना आणखी एक औजार घ्यायला हात धजत नाही. मग माळवदावर पडलेल्या तिफणीची आठवण होते.

औजार असे बदलून घेण्याची खटपट जुनीच आहे. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ साली बुलेट मोटरसायकलचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा जोड आणि औजाराची पट्टी बसवली. ती 'बुलेट सांती' पुढे देशभर गाजली. परदेशात चारचाकी मोटरसायकलच्या मागे बी फेकणारे पंखे लावतात. गवताच्या कुरणाला ते चालते, आपल्या ओळीतल्या पेरणीला त्याचा उपयोग नाही. आपल्याला ओळ हवी, ओळीत ठरलेल्या अंतरावर दाणा हवा आणि तो दाणा ओलीला टेकलेला हवा.

म्हणूनच एक गोष्ट आधीच सांगतो. तिफण ट्रॅक्टरला जोडणे हे वेल्डिंगवाल्याचे दोन दिवसांचे काम आहे. त्या तिफणीतून बी नीट पडणे हे मात्र तुमचे काम आहे, आणि ते वेल्डिंगने होत नाही, मोजमापाने होते.

चाड्यावरची मूठ आणि बैलाची चाल

आपली तिफण ओबडधोबड दिसते, पण तिचा हिशेब पक्का होता. बैल तासाला दोन-अडीच किलोमीटर चालतो. त्या चालीला जुळवून चाड्यावरची बाई मूठ सोडते. किती दाणे, किती वेगाने, हे तिच्या हाताला माहीत असते. बैल थांबला की हात थांबतो. म्हणजे बी मोजणारे यंत्र तिफणीत नव्हतेच, ते त्या बाईच्या मुठीत होते.

आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला आणि तासाला चार किलोमीटर चालू लागला. हात तोच, मूठ तीच. मग काय होईल? अडीचच्या चालीला एकरी ३० किलो सोयाबीन पडत होते, ते चारच्या चालीला १९ किलोच्या आत येईल. हात तिप्पट घाईने चालवायला गेले तर कुठे गच्च, कुठे मोकळे. गेल्या खरिपात आमच्या मंडळातल्या एका रानात हेच पाहिले. ओळी सुतासारख्या सरळ, पण ओळीत रोपे कुठे वेणीसारखी दाट, कुठे हातभर जागा रिकामी. मालक म्हणत होता, "साहेब, बियाणंच बोगस निघालं." त्याच पिशवीतले उरलेले दाणे ओल्या पोत्यात टाकून पाहिले तर चांगले उगवले. दोष बियाण्याचा नव्हता, चाल बदलली होती.

अशी विरळ उगवण दिसली की दुबार पेरणीचा विचार येतो. म्हणजे पुन्हा बी, पुन्हा डिझेल आणि हातचे आठ-पंधरा दिवस गेले. कोरडवाहू माणसाला यातले काहीच परवडत नाही.

दिंड लोखंडाचे करा

जुन्या बाभळीच्या दिंडाला ट्रॅक्टरची ओढ सोसत नाही. खाली दगड किंवा मुळी लागली तर बैल थबकतो, ट्रॅक्टर थबकत नाही. लाकूड चिरते, फण निखळतो. म्हणून जुन्या तिफणीतले फारोळे, चांगल्या स्थितीतले लोखंडी फण आणि नळ्या घ्या. दिंड मात्र नवे करा. ५० मिलिमीटरचे दोन अँगल समोरासमोर जोडून चौकोनी नळी तयार होते. तशा पाच फुटी दोन नळ्या पुढेमागे, मध्ये दीड फूट अंतर ठेवून बसवा. फण एकाआड एक पुढच्या आणि मागच्या नळीवर आले की काडीकचरा आणि ढेकळे मधून निघून जातात, अडकून बसत नाहीत.

फण कायमचे वेल्डिंग करू नका. यू-बोल्टने आवळा, म्हणजे पिकाप्रमाणे सरकवता येतात.

ट्रॅक्टरला जोडायला तीन टोके असतात, लिफ्टचे खालचे दोन हात आणि वरची टॉप लिंक. छोट्या ट्रॅक्टरच्या नेहमीच्या मापात खालची पिन २२ मिलिमीटरची आणि वरची १९ मिलिमीटरची येते. तरीही दुसऱ्याच्या तिफणीवरून माप काढू नका. आपला ट्रॅक्टर दुकानात न्या आणि दोन हातांमधले अंतर त्याच्यावरच मोजा. तिफण जोडून उचलली की ती डावी-उजवीकडे वाकडी नको आणि वरून पाहता मधोमध हवी. एक बाजू खाली राहिली तर त्या बाजूचे बी खोल जाणार, हे ठरलेले.

फण तीन की चार?

बहुतेकांची चूक होते ती इथे. घरी तिफण आहे म्हणून तीनच फण ठेवतात. कागदावर एक चित्र काढा, म्हणजे घोटाळा लगेच कळेल.

सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर. तीन फण लावले तर एक मधोमध आणि बाकीचे दोन मधापासून ४५-४५ सेंटिमीटरवर येतात. छोट्या ट्रॅक्टरच्या चाकांची चाकोरी साधारण ९० सेंटिमीटरवर लावलेली असते. म्हणजे चाकेसुद्धा मधापासून ४५-४५ वरच! बाहेरचे दोन्ही फण बरोबर टायरच्या मागे आले. टायरने दाबलेल्या मातीत फण वर उचलला जातो, बी उथळ पडते आणि काळ्या रानात वर पापुद्रा धरतो. तीनपैकी दोन ओळी अशा बिघडतात, मधली तेवढी छान उगवते. मग लोक म्हणतात, ट्रॅक्टरची पेरणी चांगली नाही.

चार फण लावा. ते मधापासून साडेबावीस आणि साडेसदुसष्ट सेंटिमीटरवर येतात. चाके बरोबर दोन ओळींच्या मधून जातात. वीतभर रुंदीच्या टायरला दोन्ही बाजूंनी जागा उरते. पुढे कोळपणीला हाच ट्रॅक्टर दोन ओळी पोटाखाली घेऊन त्याच वाटेने जाऊ शकतो. तुमच्या ट्रॅक्टरची चाकोरी ९० नसेल तर चाकाच्या तबकड्या उलटसुलट करून ती कितीपर्यंत आणता येते, ते ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहा.

रब्बी ज्वारीची ओळही ४५ सेंटिमीटरचीच, तिला हेच चार फण चालतात. हरभऱ्याच्या ओळी मात्र ३० सेंटिमीटरवर. तिथे चार फण लावले तर बाहेरचे पुन्हा टायरमागे येतात, म्हणून पाच लावा. फण यू-बोल्टवर असतील तर हे काम तासाभराचे आहे.

दोन फेऱ्यांमधली जोडओळ चुकू नये म्हणून दोन्ही बाजूंना खूण पाडणारा दांडा बसवा. शेवटच्या फणापासून दीड ओळीवर, म्हणजे सोयाबीनला साडेसदुसष्ट सेंटिमीटरवर, त्याच्या टोकाची रेघ पडावी. परत येताना पुढचे जवळचे चाक त्या रेघेवर धरले की जोडओळ बरोबर ४५ ची पडते. पुढच्या चाकांची चाकोरीही ९० ची आहे ना, एवढे पाहून घ्या.

मुठीच्या जागी चाक

चाल वाढली-कमी झाली तरी बी सारखेच पडायला हवे, तर बी सोडणारा भाग जमिनीवर फिरणाऱ्या चाकानेच चालला पाहिजे. चाक थांबले की बी थांबले, चाक जोरात फिरले की बी जोरात पडले. तिफण उचलली की चाक अधांतरी, म्हणून वळणावर बी सांडत नाही.

बी सोडणारे रोलर किंवा तबकड्या बाजारात सुट्या मिळतात. सोयाबीनची साल नाजूक असते. लोखंडी खाचेत दाणा दाबला गेला की तो फुटतो, किंवा वरून धड दिसतो आणि आतून मोडतो. असा दाणा उगवत नाही. म्हणून दाण्याला मोकळी जागा देणारी तबकडी आणि मऊ ब्रश असलेली पेटी निवडा. पहिल्यांदा दोन ओंजळी बी पेटीतून फिरवून हातावर घ्या आणि डाळी झाल्यात का पाहा. डाळ दिसली तर तबकडी बदला.

चाकाला खुंट्या असाव्यात आणि ते स्प्रिंगने जमिनीला टेकलेले असावे. ते टायरच्या वाटेत न ठेवता मोकळ्या मातीवर चालवा. नळ्या पारदर्शक प्लास्टिकच्या घ्या. एखादी तुंबली तर लगेच दिसते. नळीला पोट पडू देऊ नका, तिथे दाणे साठून एकदम गचका पडतो.

खताला वेगळी पेटी आणि वेगळी नळी हवी. दाण्याला चिकटून खत पडले की कोंब जळतो. खत बियाण्याच्या बाजूला आणि थोडे खाली पडेल अशी नळी लावा. बुरशीनाशक आणि त्यानंतर जिवाणू संवर्धक लावलेले बी सावलीत सुकवूनच पेटीत भरा. ओलसर बी तबकडीला चिकटते आणि सगळे माप बिघडते.

खळ्यातच माप घ्या

आता खरे काम. याला एक तास लागतो. लागणारे सामान म्हणजे फूटपट्टी, चार प्लास्टिकच्या पिशव्या, खडू आणि किराणा दुकानातला काटा.

समजा, तुमच्या फिरत्या चाकाचा घेर सव्वा मीटर आहे. चाकाला ४० फेरे दिले म्हणजे तिफण ५० मीटर चालली. चार फणांची रुंदी १८० सेंटिमीटर. ५० गुणिले १.८० म्हणजे ९० चौरस मीटर रान पेरून झाले.

एकराला ३० किलो, म्हणजे गुंठ्याला पाऊण किलो बी. गुंठा १०१ चौरस मीटरचा, तेव्हा ९० चौरस मीटरला साधारण ६६७ ग्रॅम बी पडले पाहिजे. चार नळ्यांत वाटले की प्रत्येकीतून १६७ ग्रॅम.

तिफण जॅकवर किंवा दगडांवर उचलून घ्या. प्रत्येक नळीखाली एक पिशवी बांधा. पेटी निम्मी भरा. चाकावर खडूची खूण करून ४० फेरे सावकाश, एकसारखे द्या. चारही पिशव्या वेगवेगळ्या तोला. एकूण कमी-जास्त असेल तर दट्ट्या किंवा तबकडी बदला. एकाच पिशवीत फरक असेल तर ती नळी किंवा ती पेटी तपासा. तीनदा मोजा आणि तिन्ही वेळा जवळपास सारखे आले की खूण करून ठेवा.

हे करण्याआधी घरच्या बियाण्याची उगवण पाहिलेली असावी. ओल्या पोत्यावर शंभर दाणे ओळीने मांडा, गुंडाळा आणि ओलावा टिकवा. आठवड्यात किती उगवले ते मोजा. एकरी ३० किलो हे माप ७० टक्के उगवणीचे आहे. साठच उगवले तर एकरी ३५ किलो घ्यावे लागेल आणि पिशवीत १६७ ऐवजी १९५ ग्रॅमच्या आसपास यायला हवे. उगवण त्याहून खाली असेल तर ते बी पेरणीला वापरू नका.

एक सूचना. हे मोजमाप करताना घरातल्या चाड्यावर बसणाऱ्या बाईला जवळ बोलवा. नळीतून पडणारी धार पाहून "ही दाट हाय", "ही पातळ हाय" हे ती काट्याच्या आधी सांगते. वीस-पंचवीस पावसाळे बी सोडलेला तो हात आहे. तिफण बदलली म्हणून तिचे ज्ञान वाया जाऊ देऊ नका.

रानातली परीक्षा

खळ्यात बरोबर आले म्हणजे रानात बरोबर येतेच असे नाही. रानात चाक थोडे घसरते. पहिल्या फेरीत ५० मीटरवर दोन काठ्या रोवा आणि चाकाचे फेरे मोजा. ४० च्या जागी ३७ भरले तर बी त्या प्रमाणात कमी पडतेय, तेवढे माप वाढवून घ्या.

चालही इथेच तपासा. ५० मीटर जायला ६० सेकंद लागले तर तासाला तीन किलोमीटर, ४५ सेकंद लागले तर चार. याच्या पुढे जाऊ नका. जास्त वेगात दाणा उडतो आणि माती त्याच्यावर नीट बसत नाही.

मग ट्रॅक्टर थांबवून एक मीटर ओळ हाताने उकरा. सोयाबीनचे शंभर दाणे १२ ग्रॅमचे असतील तर मीटरभरात २७-२८ दाणे सापडले पाहिजेत. त्यातून वीसेक रोपे उभी राहतात, आणि दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर म्हणतात ते हेच. चारही ओळी उकरा, एकीवर समाधान मानू नका.

दोन-तीन बोटे, त्याहून खोल नको

सोयाबीन ३ ते ५ सेंटिमीटरच खोल हवे. ट्रॅक्टरची ताकद मोठी, त्यामुळे फण सहज अर्धा फूट जातो आणि चालवणाऱ्याला कळतही नाही. मग कोंब वर येताना मान मोडतो. यासाठी दिंडाच्या दोन्ही टोकांना खोली धरून ठेवणारी छोटी चाके बसवा आणि पेरताना लिफ्टचा दांडा मोकळा सोडा. लिफ्टवर अधांतरी धरून पेरले तर ट्रॅक्टरचे पुढचे चाक ढेकळावर चढले की मागे फण खाली रुतणार. मागे हलकी फळी किंवा लोखंडी साखळी ओढत ठेवा, म्हणजे तास बुजतो.

पेरणीची घाई करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा येऊ द्या. मुठीत माती दाबली की चिकट गोळा होतो आणि फणाला गारा धरतो, तोवर ट्रॅक्टर रानात घालायचा नाही. बैलाच्या खुराची खूण एका पाळीत जाते, टायरने घट्ट झालेली ओली काळी माती मोसमभर नडते.

मागे माणूस बसवू नका

हे मात्र कळकळीने सांगतो. पुष्कळ ठिकाणी जुने चाडे तसेच ठेवून दिंडावर फळी टाकतात आणि बाईला त्यावर बसवून बी सोडायला लावतात. खाली धारदार फण, बाजूला फिरते चाक, पदर वाऱ्यावर. ट्रॅक्टरला एक गचका बसला की ती खाली, आणि चालवणाऱ्याचे तोंड पुढे. दोन-चार हजार रुपयांची बी पेटी वाचवायला घरातले माणूस पणाला लावू नये. फिरत्या चाकावर आणि साखळीवर पत्र्याचे झाकण बसवा. नळी तुंबली तर ट्रॅक्टर बंद करून, तिफण जमिनीवर टेकवूनच हात घाला.

कोणी या भानगडीत पडू नये?

सगळ्यांनीच तिफण कापावी असे मी म्हणणार नाही. रान दोन-तीन एकर असेल आणि शेजाऱ्याकडे चांगले पेरणीयंत्र भाड्याने मिळत असेल तर ते घेणे स्वस्त. फक्त त्याच्या यंत्राचेही माप असेच तपासा, भाड्याचे म्हणून सोडू नका. नवे यंत्र घ्यायचे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा. अनुदान तपासणी झालेल्या यंत्राला मिळते, घरी बनवलेल्याला नाही. बैलजोडी दावणीला असेल आणि चाड्यावर जाणता हात असेल, तर त्या पेरणीला आजही नाव ठेवायला जागा नाही.

पण तिफण बदलायची ठरवली असेल तर रोहिणी निघायच्या आत बदला. मृगाचा पाऊस पडल्यावर वेल्डिंगच्या दुकानात रांग लागते, माप घ्यायला कोणाला सवड नसते आणि मग अंदाजाने पेरणी होते. आपल्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या अभियंत्याला मोजणीच्या दिवशी बोलवा. गावात पाच-सहा जणांनी मिळून एकाच खळ्यात हा कार्यक्रम ठेवला तर एका दिवसात सगळ्यांच्या तिफणी मोजून होतात. काटा आणि पिशव्या एवढ्या सगळ्यांत एकच पुरते.